चेअरमनसाहेबांची तंबाखूची वडी

त्या वर्षी कारखान्याचा पट्टा संक्रांतीच्या आत पडला, म्हणजे गाळप बंद झाले. विहिरी आटल्यावर निम्मा ऊस चाऱ्याला गेला होता. उरलेल्या उसातून अहवाल पुष्कळ निघाले, साखर कमी निघाली. आमच्याच तालुक्यातली माणसे ऊस तोडायला परजिल्ह्यांत गेली होती. ती परत येण्याआधी आमचा कारखाना थंड झाला. सहकाराच्या या यशावर पाक्षिकात अग्रलेख लिहिण्याचे काम माझ्याकडे होते.

पाक्षिक कारखान्याचे, सभासदांसाठी. त्याआधी मी बीडच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दुष्काळात जाहिराती आटल्या, दैनिकाची सहा पानांची चार पाने झाली आणि जी दोन कमी झाली त्यांत मी होतो. पाक्षिकाला आठ पाने होती. त्यांपैकी पाच पानांवर चेअरमनसाहेबांचे छायाचित्र असे. उरलेल्या तीन पानांवर ते का नाही, असे एका संचालकाने मला एकदा गंभीरपणे विचारले होते.

छायाचित्रांत साहेबांच्या हातात पाइप असे. पूर्वी तेही जिल्ह्यातल्या इतर माणसांसारखी तळहातावर चुना लावून तंबाखू मळत. मुंबईतल्या कुठल्या तरी बैठकीत त्यांनी एका बड्या असामीला पाइप ओढताना पाहिले आणि चुन्याची डबी सुटली. पाइपचा उपयोग त्यांनी लवकर ओळखला. वार्षिक सभेत कोणी उठून पाण्याबद्दल विचारले की साहेब पाइप भरायला घेत. भरणे, दाबणे, पेटवणे, विझणे, पुन्हा पेटवणे. तोपर्यंत विचारणारा उभा राहून थकलेला असे आणि शेजारच्याने त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलेले असे.

पाइपची तंबाखू मुंबईहून यायची. ती सुटी नसे. साबणाच्या वडीसारखी दाबून घट्ट केलेली काळी वडी असे. लागेल तेवढी चाकूने कापायची, चोळून मोकळी करायची आणि भरायची. ती पाठवणाऱ्या गृहस्थांनी त्या हिवाळ्यात राजकारणात दुसरा गट धरला आणि तंबाखू बंद झाली. जिल्ह्यात त्या वेळी पालीच्या धरणाचा तळ उघडा पडला होता, छावण्या सुरू झाल्या होत्या, पण कारखान्यावरची पहिली निकडीची टंचाई ही होती.

वर्कशॉपमधला टर्नर अशी वडी करू शकतो, हे कोणीतरी साहेबांच्या कानावर घातले. टर्नरला सगळे मिस्त्री म्हणत. तो पाटोद्याकडचा. त्याचे वडील निजामाच्या काळात हैदराबादला एका फौजी अधिकाऱ्याकडे स्वयंपाकी होते. तो अधिकारी आपली तंबाखू घरीच दाबून घ्यायचा. वडिलांनी ती जात्याच्या तळीखाली दाबली, मिस्त्री त्यांच्याकडून शिकला. स्वतः तो ओढत नसे. तो अकरा हंगाम कारखान्यात होता आणि अकराही हंगाम हंगामीच होता. पट्टा पडला की महिन्याभरात हंगामी माणसाला घरी जावे लागते, आणि कॉलनीतली खोलीही सोडावी लागते. पुढच्या वर्षी ऊस नव्हता, म्हणजे पुढचा हंगामही नव्हता. मिस्त्रीची बायको, दोन मुली आणि म्हातारी आई त्या खोलीत राहत होत्या.

साहेबांनी त्याला गेस्ट हाउसवर बोलावले. छायाचित्राच्या निमित्ताने मी तिथेच होतो.

"पुढच्या मीटिंगला तीन नावं कायम करायची हायेत," साहेब म्हणाले. "मुंबईचे पाहुणेबी यायलेत. तवर वडी झाली पाहिजे. बाकीचं मी बघतो."

मिस्त्रीने किती दिवस आहेत ते विचारले. चोवीस होते. एकवीस दिवस दाब लागतो, तीन दिवसांत पान तयार करतो, असे तो म्हणाला आणि निघाला. नोकरीची एवढी छोटी मुलाखत मी दुसरी पाहिली नाही.

पान आधीच येऊन पडले होते. सोनेरी पान गुंटूरकडचे, कुणकुण लागताच मिस्त्रीने हैदराबादच्या आपल्या नातेवाइकाकडून एसटीने मागवलेले. त्यात चार भागांस एक भाग निपाणीचे काळे पान, जोर यावा म्हणून. मिस्त्रीने प्रत्येक पानाची मधली जाड शीर ओढून काढली. मग पाने गोणपाटावर पसरली, वर पाण्याचा हबका मारला, ओले गोणपाट पांघरले. दिवसातून तीनदा हबका. टँकरच्या रांगेत हंड्याला हंडा लागत होता तेव्हा तंबाखूच्या पानांना गेस्ट हाउसच्या टाकीतून वेळेवर पाणी मिळत होते. दुसऱ्या दिवशी पान चामड्यासारखे मऊ झाले. मुठीत दाबले तर मोडत नव्हते, सोडले तर उलगडत होते. मग गुळाचे पातळ पाणी, त्यात कुस्करलेला खजूर. मळी घाला, कारखान्यात फुकट आहे, असे वर्क्स मॅनेजर म्हणाले. मळीचा वास कारखान्याला पुरे आहे, असे मिस्त्रीने त्यांना सांगितले.

बातमी संचालकांपर्यंत गेली आणि वडी सहकारी झाली. एकाने वेलदोडे पाठवले. एकाने गुलकंद. तिसऱ्याने अत्तराची कुपी पाठवली आणि चार थेंब आपल्या नावाने टाकायला सांगितले. मिस्त्रीने सगळे दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि ड्रॉवरमध्ये ठेवले. वेलदोड्यांचा चहा आम्ही पुढे आठवडाभर प्यायलो.

त्याने एक जाड पोलादी पेटी बनवली होती, आतून सागवानी फळ्या लावलेली. तीत पानांचे थर एकावर एक रचले, वर बरोबर बसेल असा सागाचा ठोकळा ठेवला आणि पेटी वर्कशॉपच्या हायड्रॉलिक प्रेसखाली सरकवली. ही प्रेस म्हणजे एक उभी लोखंडी चौकट आणि तीत जॅक. शाफ्टवरून बेअरिंग काढायला आणि बसवायला कारखान्यात ती एकच होती. मिस्त्री रोज सकाळी दांडा अर्धा हात ओढून दाब वाढवायचा. चौथ्या दिवशी पेटीच्या सांध्यातून तपकिरी रसाचा एक थेंब आला. त्याने तो बोटावर घेतला, हुंगला आणि मला हुंगवला. गोठ्यातला वाळका कडबा आणि मनुका यांच्या मधला तो वास होता.

मी चाखणारा ठरलो, कारण मिस्त्री ओढत नव्हता आणि साहेबांना कच्चा माल दाखवायचा नव्हता. त्यासाठी त्याने लेथवर बाभळीच्या मुळाचे दोन पाइप कातून काढले. एक फुटला तर दुसरा असावा, म्हणून दोन.

वर्क्स मॅनेजर सावध गृहस्थ होते. त्यांनी प्रेसवर खडूने लिहून ठेवले: 'मा. चेअरमनसाहेबांचे काम चालू. हात लावू नये.' खाली सही केली.

सहाव्या दिवशी कॉलनीच्या पाण्याचा पंप बंद पडला. नदीपात्रातल्या विहिरीत पाणी होते, थोडे पण होते. ते वर कॉलनीच्या टाकीत चढवणाऱ्या पंपाचे बेअरिंग जाम झाले होते. जुने बेअरिंग शाफ्टवरून दाबून काढायचे, नवे दाबून बसवायचे. काम दीड तासाचे. नवे बेअरिंग स्टोअरमध्ये होते. शाफ्ट वर्कशॉपमध्ये आणला गेला, प्रेससमोर ठेवला गेला, आणि सगळ्यांनी खडूने लिहिलेले वाचले.

पुढचे आठ दिवस कारखान्याच्या तांत्रिक विभागाने जे केले त्याची नोंद मी ठेवली आहे. पहिल्या दिवशी शाफ्ट जीपने गेवराईला पाठवला. तिथल्या वर्कशॉपचा मालक लग्नाला गेला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवला. मालक आला होता, वीज गेली होती. तिसऱ्या दिवशी हातोड्याने ठोकून पाहावे असे ठरले. मिस्त्रीने शाफ्टवर हात ठेवला आणि ठोकला तर वाकेल, मग पंपच जाईल, असे सांगितले. चौथ्या दिवशी साहेबांना विचारावे असे ठरले. कोणी विचारावे, यावर पाचवा दिवस गेला. सहाव्या दिवशी कोणी विचारू नये असे ठरले. सातव्या दिवशी वर्क्स मॅनेजरांनी खडूची अक्षरे पुसट झाली होती ती पुन्हा ठळक केली. आठव्या दिवशी रविवार होता.

साहेबांनी प्रेस उघडायला बंदी केली होती, असे कोणी म्हणू नये. त्यांना पंप बंद आहे हेच माहीत नव्हते. गेस्ट हाउसला टँकर आधी येत होता.

नवव्या दिवशी सकाळी मिस्त्रीची बायको वर्कशॉपात आली. तिथे बायका येत नसत. तिने रिकामी घागर लेथच्या पाट्यावर ठेवली. आवाज चढवला नाही.

"टँकर आज आला न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "ह्या घागरीत तुमचा साहेब भरून द्या."

फिटर लोकांनी माना खाली घातल्या. एकाला हसू आले, ते त्याने खोकल्यात घालवले. मिस्त्री प्रेसकडे बघत उभा राहिला. दाब मध्येच सोडला तर वडी फुगते, थर सुटतात, आणि मीटिंगला आठवडाच उरला होता. हे तिथल्या कोणापेक्षाही त्याला जास्त माहीत होते. त्याने वर्क्स मॅनेजरांकडे पाहिले. त्यांना त्याच क्षणी बीडला काम असल्याचे आठवले आणि ते जीपमध्ये बसले.

मिस्त्रीने दाब सोडला. पेटी बाहेर काढली, ठोकळा वर येऊ नये म्हणून तीन शिकंजे आवळले, ओले गोणपाट गुंडाळले. मग शाफ्ट प्रेसखाली घेतला. दीड तासात जुने बेअरिंग निघाले, नवे बसले. दुपारी टाकीत पाणी चढले. पेटी पुन्हा प्रेसखाली गेली आणि त्याने दांडा ओढला. खडूची ओळ जागच्या जागी होती.

मीटिंगच्या सकाळी पेटी उघडली. वडी काळी, चकचकीत, कडा नीट कापलेल्या विटेसारख्या. मिस्त्रीने अडकित्त्याने कोपरा कापून माझ्या हातात दिला आणि मी तो ओढला. ती चांगली होती. मी पूर्वीच्या मुंबईच्या वडीचेही तुकडे साहेबांच्या कृपेने ओढले होते. ही त्याहून सौम्य होती. मी तसे सांगितले. मिस्त्री फक्त हं म्हणाला आणि अडकित्ता पुसला.

सभागृहात संचालक, मुंबईचे पाहुणे आणि इतिवृत्त घ्यायला मी. साहेबांनी सगळ्यांदेखत वडीची चकती कापली, तळहातावर चोळली, पाइप भरला, पेटवला. पहिला धूर सोडून डोळे मिटले.

"असा माल लंडनला मिळायचा न्हाई," ते म्हणाले. पाहुण्यांनीही आपला पाइप तिनेच भरला, झुरका घेतला आणि मान डोलावली. संचालकांपैकी कोणीच पाइप ओढत नव्हते, पण लंडनला मिळायचा नाही याबद्दल सर्वांची खात्री होती. अत्तरवाले संचालक माझ्या कानाशी वाकून म्हणाले, चार थेंब लागू पडले.

विषय क्रमांक तीन कॉलनीच्या पाण्याचा होता. वर्क्स मॅनेजरांनी टिपण सादर केले होते आणि ऑफिस सुपरिंटेंडेंटने ते नियमाप्रमाणे मोठ्याने वाचले. प्रेस मा. चेअरमनसाहेबांच्या कामात गुंतल्याने दुरुस्तीस विलंब झाला, तथापि नवव्या दिवशी निम्नस्वाक्षरीकारांच्या देखरेखीखाली प्रेस दीड तास मोकळी करून काम पूर्ण करण्यात आले. पंप दुरुस्तीचे श्रेय त्या एका वाक्याने मिळणार होते. वाक्याचा पहिला अर्धा भाग काय करणार आहे, हे ते वाचले जाईपर्यंत वर्क्स मॅनेजरांच्या लक्षात आले नव्हते.

साहेबांनी पाइप तोंडातून काढला, आत बघितले, पुन्हा एक झुरका घेतला.

"तरीच," ते म्हणाले. "मघाशीच मला जरा कच्ची वाटली."

तरीच, असे उपाध्यक्ष म्हणाले. एका संचालकाला वासच कच्चा आला होता. गुलकंदवाल्यांना तर धुराचा रंग पाहूनच शंका आली होती. मुंबईच्या पाहुण्यांनी पाइप खाली ठेवला. पाच मिनिटांपूर्वी लंडनला न मिळणारी तंबाखू एकमताने खराब झाली.

मिस्त्रीला आत बोलावले.

"प्रेस कोणी उघडली बे?"

"मी."

"कावून?"

"पाणी न्हवतं."

वर्क्स मॅनेजर आपल्या फाइलची नाडी बांधत होते. साहेबांनी लेबर ऑफिसरला सांगितले, याचा खुलासा घ्या. दोन गोष्टी लिहून द्यायच्या. प्रेस उघडल्यामुळे वडी बिघडली, आणि पंपाचे काम आणखी आठवडा थांबू शकले असते. दोन्ही कबूल असतील तर नाव यादीत राहील. नसतील तर चौथा माणूस तयार आहे. उद्या दहा वाजेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मिस्त्री नवरा-बायको माझ्या खोलीवर आले. कारखान्यात कोणाला काही लिहायचे असले की माझ्याकडे येत. त्यासाठीच पगार आहे असा समज होता. मी कागद घेतला. मिस्त्री खिडकीतून पाण्याच्या टाकीकडे बघत राहिला.

"दोन्ही लिवून टाका," त्याची बायको मला म्हणाली. "कागदाला काय तहान लागती?"

मला तिचे म्हणणे पटले. वर्तमानपत्रात दहा वर्षे काढल्यावर कागदाविषयी माणसाच्या फारशा अपेक्षा राहत नाहीत. मी मिस्त्रीला म्हटले, वडी चांगली झाली हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, साहेबांनाही माहीत आहे. लिहून टाकू.

"तंबाखू बिघडली म्हणून लिव्हा," तो म्हणाला. "लई बिघडली म्हणून लिव्हा. मला दाबताच येत न्हाई म्हणून लिव्हा. पंपाचं काम थांबलं असतं तरी चाललं असतं, हे न्हाई लिवायचं."

"मग आपण चाललो पाटोद्याला," बायको म्हणाली.

"चाललो तर चाललो. मी टर्नर हाय. बेअरिंग जाम हाय का न्हाई, ह्याच्यात मी खोटं बोलत न्हाई. तंबाखूचं काय, ती काय मशीन हाय?"

ती उठून दारापर्यंत गेली. मग मला म्हणाली, त्यांचं ऐका, पण असं लिव्हा की नोकरी ऱ्हाईल. नवऱ्याचे तत्त्व आणि डोक्यावरचे छप्पर एका पानात बसवण्याचे काम मला देऊन ती स्टोव्ह पेटवायला घरी गेली.

साहेब कोणताही कागद कसा वाचतात, हे मला पाक्षिकामुळे ठाऊक होते. पहिला परिच्छेद, तोही त्यांच्याबद्दल असेल तर. म्हणून पहिला परिच्छेद सबंध तंबाखूला दिला. माननीय चेअरमनसाहेबांच्या जाणकार जिभेने पहिल्याच झुरक्यात जे ओळखले ते अर्जदारास मान्य आहे. अर्जदाराच्या हातून अक्षम्य चूक घडली. एवढा उंची माल अर्जदाराच्या उतावळेपणामुळे वाया गेला. अशी सात वाक्ये. मग उपस्थित संचालकांच्या पारखीबद्दल आदर, त्याचा एक परिच्छेद. अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ओळ: 'पंपाबाबत नम्र निवेदन की, त्या दिवशी विहिरीत पाणी होते व टाकीत नव्हते.'

मिस्त्रीने ती ओळ दोनदा वाचायला लावली आणि सही केली.

दहा वाजता गेस्ट हाउसच्या ओसरीवर साहेबांनी कागद हातात घेतला. दोन संचालक बसले होते. मिस्त्री पायरीखाली, मी खांबापाशी. साहेबांनी पहिला परिच्छेद मनात वाचला, मग मोठ्याने वाचला. जाणकार जिभेपाशी ते थांबले आणि ते वाक्य पुन्हा वाचले. संचालकांचा परिच्छेद त्यांनी झरझर उरकला. त्यांचा अंगठा कागदावरून खाली सरकत सहीच्या वरच्या ओळीपर्यंत आला आणि तिथे टेकला. मिस्त्रीने चप्पल काढून ठेवली होती. त्याची पायाची बोटे जमिनीत रुतलेली मला दिसत होती. साहेबांनी कागद उलटून मागे पाहिले. मागे कोरा होता.

"माणूस चुकतो, पण कबूल करतो," ते संचालकांना म्हणाले. "असा माणूस कायम पाहिजे."

शेवटची ओळ त्यांनी वाचली की नाही, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. वाचली असेल तर तो त्यांचा मोठेपणा आणि नसेल तर माझी मांडणी. दोन्ही शक्यता मी कोणाशी बोललो नाही. आदेश चार दिवसांनी निघाला. टर्नर, कायम. लेबर ऑफिसरने मिस्त्रीला खोलीची किल्ली परत करण्याची गरज नाही असे तोंडी सांगितले. ते लेखी द्यायला त्याला आणखी महिना लागला.

राहिली वडी. ती लेखी पुराव्याने बिघडलेली होती, त्यामुळे साहेबांना ती ओढता येईना. एकदा गेस्ट हाउसवर त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले, असे तिथला शिपाई सांगायचा. पण खुलासा फाइलला लागला होता आणि जाणकार जिभेची पाक्षिकात बातमी आली होती. शेवटी पुढच्या मीटिंगमध्ये वडी निर्लेखित करण्याचा, म्हणजे हिशेबातून काढून टाकण्याचा, ठराव झाला: सदर माल वापरास अयोग्य असल्याने तो संबंधित कर्मचाऱ्याने स्वतः नष्ट करावा. साहेबांनी पुन्हा चुन्याची डबी काढली. सभेत प्रश्न विचारणाऱ्यांना त्या उन्हाळ्यात थोडे कमी वेळ उभे राहावे लागले. चुना मळायला पाइपएवढा वेळ लागत नाही. उत्तर मात्र तेव्हाही मिळाले नाही.

ठरावात नष्ट करण्याची पद्धत दिलेली नव्हती. आम्ही जाळायचे ठरवले.

पाळी सुटल्यावर, उन्हे वर्कशॉपच्या पत्र्यावरून उतरली की मिस्त्री ठरावीक वेळी वडी काढायचा. अडकित्त्याने तो तिच्या पातळ चकत्या पाडायचा, कागदाएवढ्या, आणि वर्तमानपत्रावर पसरायचा. लगेच भरली तर ओली जळते आणि जीभ भाजते, म्हणून अर्धा तास वारा. त्या उन्हाळ्यात दहा मिनिटे पुरत. मग तळहातावर घेऊन अंगठ्याने मळायची. हे एक काम दोघांनाही शिकवावे लागले नाही. तळाला सैल, वर जरा घट्ट. पहिल्या काडीने फक्त वरचा थर काळवंडतो आणि फुगतो. तो पत्र्याच्या चकतीने हलकेच दाबायचा. खरी पेटते ती दुसऱ्या काडीने. मग घाई केली तर ती कडू होते, विसरलो तर विझते. सुरुवातीला गवतासारखी लागायची, अर्ध्यावर आल्यावर खजूर पुढे यायचा आणि तळाशी निपाणीचे पान आपला हिशेब दाखवायचे.

मिस्त्री बाभळीचा दुसरा पाइप ओढायला शिकला. पहिले तीन दिवस खोकला. मग एकदा धूर सोडून म्हणाला, बाप कावून हुंगत बसायचा ते आज कळलं. वडी दीड तास प्रेसबाहेर राहिल्याचा परिणाम शोधायचा आम्ही प्रामाणिक प्रयत्न केला. मधल्या थरात एके ठिकाणी नखाएवढी फट होती. तेवढीच.

त्याची बायको पाणी भरून त्या वाटेने जायची. एकदा तिने घागर कडेवरून न उतरवता विचारले, साहेबांनी नष्ट करायला सांगितलंय ना, झाली का?

"चालू हाय," मिस्त्री म्हणाला. "ठरावात तारीख न्हाई."